अकरा किलो

तीस वर्षं विमानं दुरुस्त करूनही बाबा कधी विमानात बसले नव्हते. "काय काय बिघडतं ते मला विचारा!" म्हणायचे. वैमानिक झालेली लेक आज आईबाबांना समुद्रकाठी सुट्टीला नेणार होती. चार आसनांच्या विमानात वजनाचं फार बघावं लागतं, म्हणून तिने माणसांसकट सगळं काट्यावर चढवलं. अकरा किलो जास्त भरले. "आईची बॅग किंवा तुमची हत्यारांची पेटी, एकच येईल." आईने बॅग कवटाळली. "पेटीशिवाय उडणार नाही," बाबा अडून बसले. लेक उड्डाणाआधी विमानाच्या पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवत बारीक खाच शोधू लागली. डोळे मिटून, बाबांनीच शिकवलं होतं तसं. बाबा गुपचूप पेटी हँगरमध्ये ठेवून आले. वाटभर त्यांचे कान इंजिनाकडेच होते. किनाऱ्यालगतच्या धावपट्टीवर उतरून तिने इंजिन बंद केलं. "बाबा, काही वेगळा आवाज?" बूट काढत ते म्हणाले, "आत्ता येतोय. लाटांचा."