वजीर पडायच्या वेळेला

लॅपटॉप चौथ्यांदा टेबलावर आला, तेव्हा दुरुस्तीवालीने कपाळाला हात लावला. नऊ वर्षांच्या धंद्यात तिच्या हाताखालून गेलेलं यंत्र कधी परत आलं नव्हतं. हा पठ्ठ्या मात्र माहेरी यावं तसा दर महिन्याला येत होता.

"बुद्धिबळ खेळताना बंद पडतो," काकांनी नेहमीची तक्रार सांगितली. "तेही मी जिंकायला आलो की."

काका वीजखात्यातून निवृत्त झालेले वायरमन. रोज संध्याकाळी पाच वाजता ते परगावच्या आठ वर्षांच्या नातीशी लॅपटॉपवर डाव मांडत. दुरुस्तीवालीला ते डॉक्टरीणबाई म्हणत आणि लॅपटॉप बिघडल्याचं असं खुशीत सांगत, जणू कुणाचं लग्न ठरलंय.

तिने पंखा साफ केला होता, चार्जर बदलून पाहिला होता, आतली जोडणी तपासली होती. दुकानात तो सलग दोन दिवस चालला, हूं की चूं केलं नाही. बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे वीज गेली की लॅपटॉप गेला, हे उघडच होतं. पण त्या जुन्या मॉडेलची बॅटरी मिळत नव्हती. घरचा विजेचा बोर्ड एकदा बघा, असं तिने दोनदा सुचवलं. बोर्ड माझ्या हातचा आहे, त्याला काही धाड भरलेली नाही, असं म्हणून काकांनी विषय संपवला. मुलाने नवा लॅपटॉप देऊ केला होता, तोही त्यांनी नाकारला होता.

या खेपेला तीही हट्टाला पेटली. अकरा दुकानांना फोन केल्यावर एकाकडे अडगळीत तशी बॅटरी निघाली. तिने ती मागवून घेतली आणि मोठ्या तोऱ्यात काकांना कळवलं. काका म्हणाले, या सावकाश, घाई काही नाही.

ती त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली. बॅटरी बसवण्याआधी दुखणं एकदा डोळ्यांनी बघायचं, म्हणून तिने डाव सुरू करायला सांगितला. पडद्यावर पुढचे दोन दात पडलेली नात आली. काकू शेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसल्या. दुरुस्तीवाली वायर हातात धरून टेबलाखाली शिरली.

वर काका रंगात आले होते. आता तुझा वजीर गेला बरं का, असं त्यांनी नातीला बजावलं. नातीचा आवाज रडवेला झाला. त्याच क्षणी राखाडी मोजा घातलेला एक पाय अलगद पुढे सरकला आणि अंगठ्याने टेबलाखालच्या बोर्डाचं बटण दाबलं. लॅपटॉप बंद.

काकूंनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि विणायची सुई ओठांवर आडवी धरली.

पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं. "एकदा हरली, तर पंधरा दिवस फिरकली नाही पोर," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "डाव अर्धा राहिला, की दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच हजर असते." ते पंधरा दिवस दोघं म्हातारी माणसं रोज पाचला बंद पडद्यासमोर बसून होती. यांना मुद्दाम हरा म्हटलं तर हे हरणार नाहीत, फार तत्त्वाचे. आणि आता ती बॅटरी बसली, तर बटण दाबून काय उपयोग?

दुरुस्तीवालीने पिशवीतली बॅटरी चाचपली. तिला ते अकरा फोन आठवले. नऊ वर्षांचं नाव आठवलं. बाहेर येऊन तिने लॅपटॉप उलटा केला आणि बॅटरी खाचेत लावली. कट् आवाज झाला. इतकी चपखल बसली, की तिलाच आपला अभिमान वाटला. मग तिने ती हळूच काढून पिशवीत टाकली.

"बसत नाही, काका. या दुखण्यावर माझ्याकडे औषध नाही."

असं वाक्य तिने जन्मात कुणाला ऐकवलं नव्हतं. काकूंनी भराभरा विणायला घेतलं. काका जरा जास्तच मोठ्याने हळहळले आणि तिला फाटकापर्यंत सोडायला आले.

फाटकाशी त्यांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चांगली बसली होती की बॅटरी. उपकार झाले तुमचे."

तिने पिशवी पटकन पाठीमागे घेतली.

"पस्तीस वर्षं लोकांच्या घरी बटणं बसवली मी," काका म्हणाले. "बटण दाबल्याचा आवाज मला कळणार नाही होय?"

मग चारदा लॅपटॉप उचलून दुकानात कशाला आणलात, असं तिने विचारलं. ती आता खरोखरच चिडली होती, आणि हसूही आवरत नव्हतं.

"पुढच्या महिन्यात पाचव्यांदा आणणार आहे, डॉक्टरीणबाई," काका म्हणाले. "दुरुस्तीला नेला नाही, तर हिला कळेल ना, मला कळलंय ते."