मोबाईलमधले सर

सासऱ्यांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलेलं. आणि जावई त्यांच्याच अंगणात जुन्या गाडीचा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलत होता, तो मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या कुठल्याशा मेकॅनिकचं ऐकून! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. मोबाईल म्हणाला, "आता वरचा बोल्ट," की जावई चक्क "हो सर" म्हणायचा. पायरीवर बसलेल्या सासऱ्यांचा नुसता जळफळाट होत होता.

शेवटी गाडी सुरू झाली. त्या आवाजात एक बारीकशी किरकिर होती, ती फक्त सासऱ्यांनाच कळली. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट ढिला राहिला होता. तासाभरात बॅटरी उतरणार, गाडी भर रस्त्यात बंद पडणार. 'मग विचार म्हणावं सरांना!' मनातल्या मनात हसत ते गप्प बसले.

जावई हात पुसत आला. "बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला वाकायला मनाई केलीय, म्हणून हाक नाही मारली. उद्या तुम्हाला ऑपरेशनला न्यायचंय ना, याच गाडीतून."



सासरे ताडकन उठले. "जावईबापू, मी नाही वाकत, तुम्हीच वाका, पण आधी तो बेल्ट आवळा. तुमच्या सरांना ती किरकिर कुठे ऐकू येतेय!"