बारीक विणीचं जाळं
१९६२च्या पावसाळ्यात बोनकोड्यात नायलॉनचं पहिलं जाळं रोहिदासने आणलं. वीण इतकी बारीक, की पहिल्याच ओढीत टोपली काठोकाठ भरली. ती त्याने ऐटीत बायकोपुढे ठेवली. गोजराने आत हात घातला. सगळी जिताडा माशाची बोटभर पिल्लं होती, अजून वळवळत. टोपली उचलून ती खाडीकडे धावली. “अगं, येडी झालीस काय?” रोहिदास ओरडत मागे सुटला, चिखलात घसरून गुडघाभर पाण्यात बसला. गोजराने शेजारीच टोपली उपडी केली. “आज पिल्लं खाल्ली, तं पुढल्या सालाला काय जाल्यात पानी धराल?” पिल्लं त्याच्या पायांमधून तिवरांच्या मुळांकडे पळाली. त्याला गुदगुल्या झाल्या, मग हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी शेजारी तसलंच घ्यायचं म्हणून जाळं बघायला आले. परसातल्या वेलांच्या मांडवावर ते ताणत रोहिदास म्हणाला, “मासल्यांचं नाय, काकडीचं हाय!”