किती वाव?

“किती?” त्यानं मागून विचारलं.

ती होडीच्या पुढच्या टोकाला उभी होती. हातात खोली मापायची दोरी, दोरीला शिशाचा गोळा. गोळा पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की दोरीच्या गाठी मोजून ओरडायचं. एका गाठीपासून दुसरीपर्यंत एक वाव. त्याचे हात पसरून गाठी तिनंच मारल्या होत्या, तिचे हात आखूड पडत होते म्हणून. दीड वाव पाणी असलं की होडी तरते. त्याखाली बूड टेकतं.

मधे शीड होतं. सुकाणूवर बसलेला तो दिसत नव्हता, नुसता खोकला ऐकू येत होता.

समोर त्याची लाडकी खाडी. दोन टेकड्या, मधे बिनवाऱ्याचं पाणी, माणूस औषधालाही नाही. तीस वर्षं दोघांनी या बेटावरून त्या बेटावर पत्रे, सिमेंट, शाळेचे बाक वाहिले होते आणि हंगाम संपला की इथंच नांगर टाकला होता. त्याच्या ऑपरेशनच्या आधीच्या दोन तारखाही इथंच बुडाल्या. एकदा म्हणे वारा पडला होता. दुसऱ्यांदा त्याला म्हणे झोप लागली होती. तिसरी तारीख मुलीनं डॉक्टरांच्या हातापाया पडून मिळवली होती. उद्या सकाळी आठ. चौथी मिळणार नव्हती.

डॉक्टरांनीही छातीठोक असं काही सांगितलं नव्हतं. छाती उघडल्यावर कळेल, म्हणाले होते.

आणि हा आज सकाळी म्हणाला, “रात्री खाडीत राहू. शहराचं उद्या बघू.”

त्याचं ‘उद्या बघू’ तिला ओळखीचं होतं. एकदा नांगर पडला की हा हलणार नाही. आणि थोड्या दिवसांनी हलायचं म्हटलं तरी हलता येणार नाही.

“अगं, किती?”

खोटं बोलणं तिला नवं नव्हतं. माहेरच्यांचे आजार, नव्या चपलांचं वय, दूध कुणाच्या हातून करपलं, अशा बाबतीत तिनं तीस वर्षं संसार नेटानं चालवला होता. पण होडीच्या टोकावर नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी घाबरून तिनं अंदाजानं ‘तीन’ सांगितलं होतं आणि होडी खडकावर चढली होती. सुकाणू फुटलं, चाळीस पोती सिमेंटचा दगड झाला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “घरात काय वाट्टेल ते सांग. इथं उभी राहिलीस की खरं सांग. मी तुझ्या डोळ्यांनी होडी हाकतो.” त्यानंतर तिनं सांगितलेला आकडा त्यानं कधी दुसऱ्यांदा विचारला नव्हता.

तिनं गोळा उचलला. सोडला तर खरा आकडा दिसणार, आणि दिसला की तोंडातून तोच निघणार. म्हणून तिनं सोडलाच नाही. दोरीचं वेटोळं पोटाशी धरून उभी राहिली. खाली पाणी गडद हिरवं होतं. चार वाव सहज असेल.

“एक वाव!” ती ओरडली.

मागचा खोकला थांबला.

“एक?”

“एकच. वादळानं गाळ भरलाय सगळा.”

सुकाणू करकरलं, शीड फडफडलं. मग तो म्हणाला, “बरं. शहराच्या धक्क्याला जाऊ मग.”

तीन तास लागले. तिनं चहा केला, त्यानं अर्धा घेतला. खाडी टेकडीआड जाईपर्यंत तो मान वळवून बघत होता. ती दोरीकडे बघत नव्हती. तीस वर्षांत एवढी एकच गोष्ट तिनं स्वच्छ ठेवली होती, ती आज गेली. वाचला तर पुढच्या हंगामात तो इथं येईल, खोली मापेल आणि त्याला कळेल. येऊ दे, ती मनात म्हणाली. येऊ दे आणि कळू दे.

ऊन उतरताना शहर आलं. सिमेंटचा धक्का, इथं खोली मापायची गरज नव्हती. मुलगी हातात कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. रडून झालेलं दिसत होतं.

“बाबा, चला ना. भरती करून घ्यायची वेळ संपेल.”

तो उठला, पण धक्क्याकडे गेला नाही. शीड धरत धरत पुढच्या टोकाला आला. तिनं टाकून दिलेली दोरी त्यानं उचलली आणि एकेक गाठ अंगठ्याखालून जाऊ दिली. दोरी वेटोळ्याच्या आतपर्यंत खडखडीत होती, आज पाण्याला लागलीच नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले.

“थांब गं जरा,” तो मुलीला म्हणाला. “आईची दोरी ओली आहे. तशीच गुंडाळली तर कुजेल.”

आणि त्या कोरड्या ठणठणीत दोरीला त्यानं दोन्ही हातांनी पीळ दिला, झटकली, आणि नेहमीच्या काठीवर वाळत घातली.