चार पावलांवर

नवऱ्याने हौसेने नवा पिकअप ट्रक आणला. चकाकती जाळी, माझ्या गळ्याला लागेल इतकं उंच बॉनेट, आणि आत बसलं की दिवाणखान्यातला सोफा फिका पडावा अशा सीट.

मी तीन वर्षांच्या छकुलीला ट्रकपुढे चार पावलांवर उभं केलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. तिचा केससुद्धा दिसेना.

"झालं तुझं सुरू. नव्या गाडीला नाट लावू नकोस," म्हणत तो स्वतः चढून बसला. सीट वर घेतली, मान ताणली. मग त्याचा आवाजच उतरला.

"खरंच गं. नाही दिसत."

"परत करून टाक."

"एवढी आरामाची गाडी परत? थांब, उद्या शोरूममध्ये विचारतो. काहीतरी उपाय असेलच."

दुसऱ्या दिवशी तो खुशीत आला. हातात एक छोटा पट्टा, त्याला जोडलेली लांब लवचीक काठी आणि टोकाला लाल झेंडी. छकुलीच्या पाठीवर त्याने ती बांधलीसुद्धा.



"नशीब समज. तीन वर्षांच्या मापाची ही शेवटचीच उरली होती."