ओट्याखालची गळती

ओट्याखालच्या कपाटातून पाण्याचा ओघळ निघाला आणि बघता बघता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला. सूनबाईने आधी ओघळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. नवरा कामावर जाऊन अर्धा तास झाला होता. मग तिने सासऱ्यांना हाक मारली.

सासरे खिडकीशी बसले होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरले, जीभ तर पहिल्याहून धारदार झाली. फक्त उजवा हात रुसून बसला. चाळीस वर्षं घरोघरचे नळ जोडलेला हात. डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो दाबत राहायचा. चेंडू लहान मुलांनी खेळावा, असं म्हणून त्यांनी तो कपाटावर भिरकावला होता.

आणि परवा जेवताना त्यांनी हत्यारांची पेटी देऊन टाकायचं जाहीर केलं. गिरमिटाने भोक पाडायला दोन हात लागतात, पाना आवळायला दोन लागतात, एका हाताने फक्त घास उचलता येतो, असं म्हणाले. त्यांच्याच धंद्यातला एक मिस्त्री महिनाअखेरीस पेटी न्यायला येणार होता. मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. पेटी गेली की सासरे त्या खिडकीपासून पुन्हा उठायचे नाहीत, अशी सूनबाईला धास्ती वाटली.

"प्लंबरला बोलाव," सासरे जागेवरूनच म्हणाले.

तिने फोन कानाला लावला, दोन वाक्यं बोलली आणि संध्याकाळपर्यंत कुणी मोकळा नसल्याचं सांगितलं.

"प्लंबरच्या घरी प्लंबरची वाट बघायची. शोभतं," सासरे पुटपुटले आणि काठी टेकत उठले.

एरवी घरातल्या मिक्सरला, इस्त्रीला, शिलाई मशीनला बाहेरचा हात लागत नसे. सूनबाईच उघडायची, सूनबाईच जोडायची. पण पाइपापुढे आज तिची अक्कल गहाण पडली होती. मेन कॉक बंद कर म्हटलं, तर तिने गीझरचा केला. पाण्याची पिचकारी थेट सासऱ्यांच्या चष्म्यावर बसली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते हसले, आणि हसणं लपवायला खोकले.

पाणी बंद झाल्यावर ते स्टुलावर बसले आणि विजेरी घेऊन आत वाकले. लोखंडी पाइपाला बारीकसं गोल भोक पडलं होतं. बराच वेळ ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"काय झालंय, बाबा?"

"काय व्हायचंय? म्हातारा झालाय तो. एका जागी फुटला की दुसऱ्या जागेचा नंबर लागतो." मग त्यांनी तिला पेटीतून पॉलिश पेपर आणायला सांगितलं.

ती गेली आणि क्षणात पेपर घेऊन परत आली. सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"लगेच सापडला?"

"वरच होता."

भोक बुजवायची एपॉक्सी पुट्टीची कांडीही ड्रॉवरमध्ये नेमकी सापडली. पाइप कोरडा पूस, धातू चकाकेपर्यंत घास, बोटभर कांडी काप, हातमोजे घाल, असे हुकूम सुटत होते आणि सूनबाई दर हुकमाला काहीतरी घोळ घालत होती. कांडी बाहेरून करडी, आत पांढरी. दोन्ही रंग एक होईपर्यंत ती मळायची. सूनबाई मळत होती, पण पांढरे पट्टे काही जात नव्हते.

"अगं, पीठ कुरवाळतेस की मळतेस? पाच मिनिटांत दगड होईल त्याचा. आण इकडे."

तिने त्यांच्या दोन्ही हातांत मोजे चढवले. उजव्या हाताला वेळ लागला. एकेक बोट तिने हळूच आत सरकवलं. सासऱ्यांनी गोळा डाव्या हाताने दाबला, पण एका हातात तो नुसताच चपटा होई. मग त्यांनी उजवा हात त्यावर ठेवला. अंगठा थरथरला. थांबला. मग दबला.

पट्टे एकेक करत विरले आणि गोळा एकरंगी करडा झाला. सासऱ्यांनी तो स्वतःच भोकावर बसवला, कडा पसरल्या, आणि मग दोघांनी मिळून तो दाबून धरला. तासाभराने पाणी सोडलं. थेंबसुद्धा गळला नाही. सूनबाईला इतका आनंद झाला, की ती डोळे पुसायला बाहेर गेली आणि चहा ठेवायचा विसरली.

पुढचे तीन आठवडे सासरे दुपारी दार लावून बसत. त्या दाराकडे ती आशेने बघायची. कपाटावरचा चेंडू कुठे गेला, हे तिने विचारलं नाही. पण मिस्त्रीला नको म्हणून कळवा, असंही सासरे म्हणेनात.

महिनाअखेरीस मिस्त्री दारात उभा राहिला.

"बस, चहा घे," सासरे त्याला म्हणाले. "पेटी मात्र मिळायची नाही. घरचाच पाइप फुटलाय, मला काम आहे." मग त्यांनी आत आवाज दिला, "सूनबाई, कांडी काप. मळायचं मी बघतो."

पाइप तर सकाळी कोरडा होता. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि विजेरी घेऊन ओट्याखाली वाकली. जुनं ठिगळ दगडासारखं घट्ट होतं. त्याच्यापासून वीतभर पुढे पाइपाला दुसरं भोक पडलं होतं, पहिल्यासारखंच गोल. खाली फळीवरच्या पाण्यात लोखंडाचा ताजा चुरा चमकत होता.

मागच्या वेळचा चुरा तिने आठवणीने पुसून घेतला होता, आणि गिरमिट तिने एकदाच चालवलं होतं.