चौकटीची उंची
माझे सासर नदीच्या अलीकडचे, माहेर पलीकडचे. म्हणून तहाची बैठक माझ्याच घरी ठरली. अलीकडच्यांच्या वतीने माझा मुलगा बोलणार होता, पलीकडच्यांच्या वतीने माझा धाकटा भाऊ. एकाच दारातून दुसऱ्याच्या मागून आत यायला दोघेही तयार होईनात, तेव्हा मी बैठकीच्या खोलीची भिंत फोडून दुसरे दार करवून घेतले. मुलाने त्याला टेप लावला. "आई, माझी चौकट चार बोटं ठेंगणी आहे. मी वाकून यायचं आणि मामानं ताठ मानेनं?" भाऊ अंगणातून हसला. "माझ्या खांद्यावर बसून मोठा झालास, आणि आता चौकटी मोजतोस?" "तो खांदा तू आता तोफेला दिलास, मामा." मी दोघांनाही गप्प केले, बैठक उद्यावर ढकलली आणि गवंड्याला चौकट उंच करायला सांगितले. एका दिवसाने काय बिघडणार, असे मला वाटले. त्याच दुपारी पुलावरच्या गोळीबारात मुलाचा मुलगा, माझा एकुलता नातू, गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट अजून तशीच होती. भावाने आपले दार सोडले, त्या ठेंगण्या दारातून वाकून तो आत आला आणि खाली मान घालून बसला. मी मुलाला म्हटले, "मामा वाकून आलाय. आता तरी ये." तो पायरीवरूनच म्हणाला, "आता तो रांगत आला तरी नाही." आणि पुलाच्या दिशेने चालू लागला. या घरात माझा शब्द आजवर कोणी मोडला नव्हता. माझ्या एका हाकेसरशी तो थांबला असता. मी हाक मारली नाही. त्याच्या जागी मीही आत आले नसते.